मोठ्या चाकाची खुर्ची

न्हाई न्हाई, ही न्हाई — ही ठिवा तिकडं, हिचं चाक मोठं हाय. मला ती दाखवा, ती मागची, सिमेंटच्या पोत्यांआड हाय बगा, बारक्या चाकाची — हां, हीच. चारी चाकं कशी गुडघ्याच्याबी खाली. ही चालती कशी मंग? बसणाऱ्यानं काहीच करायचं न्हाई, हो ना? हात मांडीवर घेऊन बसायचं, मागच्यानं ढकलायचं. झालं तर मंग. हीच द्या बांधून, बंकटशेठ. — का? थांबलात का? कोण बसणार म्हणून काय विचारता, आमची मंडळी. वनमाला. ती काय, गाडीत बसली हाय, समोर, पांढऱ्या गाडीत, ह्या काचेतनं दिसती बगा. नका, नका, हात नका करू — उगं तिला उठावं वाटंल. एसी चालू ठिवलाय, गार बसली हाय. बसू द्या.

दुखणं ना? मणक्याचं म्हणा, नसांचं म्हणा — कुणी काय म्हणतंय, कुणी काय. बीडला दाखवलं, संभाजीनगरला दाखवलं, त्या नळकांड्यात घालून फोटो काढले, फोटोत काही न्हाई. डॉक्टर म्हणला, फोटोत दिसत न्हाई म्हणजे दुखत न्हाई असं न्हाई. बरं बाबा. कमरंतून कळ निघती ती टाचंपतोर, जशी तापलेली तार कुणी आतून ओढावी — हे तिचं बोलणं, माझं न्हाई. एखाद्या दिवशी सकाळी उठून झाडझूड करंल, भाकरी थापंल, आन दुपारी बगावं तर उंबऱ्यात बसलेली, पाय उचलना. भावकी म्हणती नाटक हाय. मी न्हाई म्हणत. मी रात्री कण्हताना ऐकतो ना तिला, उशी तोंडात धरती, मला ऐकू येऊ नये म्हणून. मी तर म्हणतो एकदा खुर्चीत बसली की बसली, उठायची भानगडच नको. आज चालती, उद्या न्हाई, परवा पुन्हा चालती — ह्यानंच घोळ झालाय सगळा. माणसानं एक काहीतरी असावं ना? चालणारं तरी असावं, न्हाईतर बसणारं तरी.

काय म्हणता? असल्या दुखण्याला मोठं चाकच बरं? ज्या दिवशी हातात जोर हाय त्या दिवशी आपलं आपण फिरावं, ज्या दिवशी न्हाई त्या दिवशी दुसऱ्यानं ढकलावं — आरं वा, डॉक्टरबी हेच म्हणला, शब्दाला शब्द. सगळे ठरवून बोलता का काय तुमी? आता मला सांगा, आपलं आपण म्हणजे कुठं? कुठं जायचंय तिला? चहा हाताशी येतो, पाणी हाताशी येतं, टीव्ही म्होरं हाय, देवदर्शनाला मी नेतो — नारायणगडावर नेणार हाय, खुर्चीसकट उचलून नेऊ, पोरं हायत माझ्याकडं. आमचं अंगण कसं हाय म्हाईत हाय का, सगळं उताराचं. उतार थेट गोदावरीत. कठडा न्हाई, काही न्हाई. तिथं मोठ्या चाकाला काय धरबंध? सुटलं की सुटलं. — न्हाई, मी काळजीनंच बोलतोय. तुमी कावून बगायलात असं?

'बसा सरपंच', म्हणलात तुमी मगाशी स्टूल म्होरं करताना. गोड वाटतं बगा ऐकायला. अख्खा तालुका सरपंचच म्हणतो मला, धर्मराज म्हणणारं कुणी राहिलंच न्हाई. पण खरं सांगू का? खरी सरपंच ती हाय. ती, गाडीतली. हसा, हसा, सगळेच हसत्यात. आमच्या गावची जागा बाईला सुटली, मंग करणार काय? घरात बाया दोन, एक माझी, एक धाकट्या भावाची. भावाची बायको तोंडाची फाटकी आन पायाला भिंगरी — तिला निवडून आणली असती तर गावाच्या आधी आमालाच सरळ केलं असतं तिनं. मी म्हणलं, वनमालाला उभं करू. भाऊ खो खो हसला. म्हणला, दादा, जिला धड उभं राहता येत न्हाई तिला उभं करायलास? म्हणलं, येड्या, म्हणून तर. सही लागंल तेवढी पलंगावर बसून करंल. निवडून आल्यावर हार घालायला दोघींनी बगलंत धरून उभी केलती, फोटोपुरती, तेवढं एकदाच. त्यात तिचं तोंड बगा कधी, हसायलीय का रडायलीय कळत न्हाई. पण बिनबोभाट चाललं होतं, शेठ. मी पंचायतीत बसायचो, लोकं कामं सांगायची, मी करायचो — झाडून सगळ्यांची करायचो, विचारा कुणालाबी. खुर्ची तिची, बसणारा मी. एवढं साधं हाय ते.

बिघडलं पोरीमुळं. आमची संस्कृती, पुण्याला असती, ते व्यायाम देऊन हातपाय हलते करायचं शिक्षण घेती — फिजिओथेरपी, हां. तिनं आईला आधी काठी आणली. काठीनं ती उंबऱ्यापतोर यायची. काठीचं काय, जरा लांब ठिवली की झालं. मंग आणला वॉकर, चार पायाचा, हलका, पांढरा. त्यो धरून ही अंगणात, मंग गल्लीत, मंग मारुतीच्या पारापतोर. दहा पावलं टाकायची, थांबायची, डोळे मिटायची, पुन्हा चालायची. बाया कौतुक करायच्या. मीबी केलं. आन एक दिवस मी गेवराईला गेलतो कामाला — माघारी येतो तर ही पंचायतीत! माझ्या खुर्चीवर. म्हणजे, तिच्या. घामानं भिजलेली, ओठ पांढरे पडलेले, दुखत होतं तिला, दिसत होतं, आन ग्रामसेवक म्होरं उभा राहून वाळूघाटाचा, म्हणजे नदीतली वाळू उपसू द्यायचा, ठराव वाचून दाखवायलाय. मधीच हात वर करती आन विचारती, पात्र कुठंपासून कुठंपतोर? भिवराबाई बुडाली ती जागा ह्याच्यात येती का? भिवराबाई म्हणजे आमच्या शेजारची, हिची सोबतीण, रोज सांजच्याला हिचे पाय चेपत बसायची. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात धुणं धुवायला गेलती, पाय खड्ड्यात गेला. वाळू काढलेला खड्डा होता म्हणत्यात लोकं. आता नदीला काय फरशी बसवलेली असती का? असत्यात खड्डे. पण हिच्या डोक्यात बसलं. म्हणली, ह्या ठरावाला मी न्हाई. ग्रामसभेत मी स्वता येऊन सांगते. स्वता! हा शब्द कुठनं आला तिच्यापशी?

वॉकर? त्यो मोडला. आमचा हनुमान, चुलत भाऊ माझा, उपसरपंच हाय, हायवा चालवितो — वाळूचा डंपर हो — त्यो अंगणात गाडी मागं घेत होता, वॉकर भिंतीला टेकवलेला, आला चाकाखाली. अंधारात दिसला न्हाई. म्हणजे, सकाळच होती, पण धूळ होती ना. धुळीत काय दिसतं? पापडावाणी चपटा झाला. मी म्हणलं, जाऊ दे, नवा आणू. तिनं त्यो चपटा वॉकर खाली बसून, सरपटत जाऊन उचलला आन घरात नेऊन पलंगाखाली ठिवला. तेच मला आवडलं न्हाई, शेठ. रडली असती तर बरं होतं.

आता तुमी म्हणाल, असं हाय तर खुर्ची घेऊन देता कशाला? अहो, द्यावी लागती. कुण्या मेल्यानं तहसीलला अर्ज टाकला — सरपंचबाई कुठंच दिसत न्हाईत, हायत का न्हाईत ते बगा. सोमवारच्या ग्रामसभेला सायब येणार हाय. तिनं दिसलं पायजे. नटूनथटून, डोक्यावर पदर घेऊन, म्होरल्या रांगंत, फोटोत. हजेरी होईल, नारळ फुटंल, सायबाला हार. मंग वाळूचा विषय निघाला की मी उठणार आन म्हणणार, सरपंचबाईंना कळ आली. खोटं हाय का? एवढा येळ बसल्यावर येतीच तिला. मागून खुर्ची धरायची, शेजारी बालवाडीची खोली हाय, तिथं न्यायची, पाणी द्यायचं, दार लोटायचं. सरपंच न्हाई तर सभा कुणी चालवायची? उपसरपंचानं. कायदाच हाय. हनुमान बसंल, हात वर होतील, चहा होईल. मंग आणू तिला परत, आभाराला. आता मोठ्या चाकाची असली तर? मी माघारी सभंत पोचायच्या आत ती दारात, हो का न्हाई? — बगा, बोलता बोलता सगळंच बोलून गेलो तुमाला. तुमी असं टक लावून बगता, म्हणून समोरचा बोलत जातो. ही चांगली सवय न्हाई तुमची.

टेप कशाला काढली? माप? माप माझ्याकडून घ्या ना. बारीक हाय, माझ्या निम्मी. उंचीला माझ्या खांद्याला लागती — लागायची, आता वाकली. अंदाजानं द्या, काय शेरवानी शिवायची हाय का? चुकीच्या मापाची खुर्ची असली तर दुखणं वाढतं? किती वाढतं? — न्हाई, असंच विचारलं. आहो, कुठं निघालात? बाहेर नका जाऊ. हनुमान बसलाय ना स्टेअरिंगवर, त्याला सांगून ठिवलंय, दार उघडायचं न्हाई, गार हवा जाती.

काय करायलीय ती? दोन्ही हात — मांडीच्या बाजूला, वरून म्होरं, म्होरून खाली. पुन्हा तेच. बांगड्या सारख्या करत असंल. उकडत असंल. न्हाई, एसी चालू हाय. पुन्हा तेच बगा, वरून म्होरं, म्होरून खाली... चाक. मोठं चाक दाखवायलीय. तुमाला. मला न्हाई, तुमाला. आन तुमी मान कावून हलवली? हलवली तुमी, मी बगितलं. वळख हाय का तुमची? तिची कुठली असंल, ती घराबाहेर पडत न्हाई. मंग? — संस्कृतीचा फोन आलता. आलता ना? कवा? मापंबी पाठवली? सुट्टीत आलती तवा आईच्या भवती दोरी धरून काहीतरी करायली होती, मला वाटलं ब्लाऊजचं माप घेती. म्हणजे ही मोठ्या चाकाची, मी दारात पाय ठिवल्या ठिवल्या तुमी म्होरं केली ती — ती हिच्याचसाठी काढून ठिवलेली होती म्हणा की. कोण बसणार म्हणून विचारलं, टेप काढली, सगळा बहाणाच. वा शेठ. मी इथं तासभर येड्यावाणी बोलतोय आन तुमाला आधीच सगळं म्हाईत.

बसा. आता तुमी बसा जरा. वरचा मजला चढवायलात का? ही पोती दिसली म्हणून म्हणलं. चांगलं हाय, चांगलं हाय, लेकरं मोठी होत्यात, जागा लागती. स्लॅब कवा हाय? वाळू कुणाची येती? — असू द्या, कुणाचीबी असू द्या. गेवराईच्या रस्त्यानं बीडात उतरणारी एकबी गाडी अशी न्हाई जिचा ड्रायव्हर मला राम राम घालत न्हाई. धमकी? ह्याला धमकी म्हणत्यात का? मी तर खुशाली विचारायलोय. सळई बांधून झाली आन वाळू आली न्हाई तर पावसात गंजती, बेजार होतं माणूस, एवढं तुमालाबी ठावं हाय. मी कुणाचं वाईट चितत न्हाई. विचारा कुणालाबी. आजपतोर घरात हात उगारला न्हाई मी तिच्यावर. गरजच पडली न्हाई.

आन हे काय हाय? हे, मोठ्या चाकाच्या खुर्चीला, मागं, धरायच्या मुठीखाली — सायकलीला असतं तसं? ब्रेक? मागच्या माणसाचा? दाबू का? हां, लागला. आन ही बारकी कळ? टाकली की लागूनच राहतो? सोडला तरी? थांबा. बसा बरं तुमी हिच्यात. आहो बसा, मला बगायचंय. गिऱ्हाइकाला दाखवीत न्हाई का तुमी? हं. पाय वर घ्या. आता ही टाकली कळ. चालवा. हातानं चाक फिरवा. जोर लावा — लावा हो, खाल्लं न्हाई का सकाळी? न्हाई हालत. बरं, आता हात मागं करा. कळीपतोर पोचतो का? न्हाई. वळून बगा. अजून वळा. तुमची पाठ चांगली धडधाकट हाय तरी पोचंना. तिला तर वळणंच न्हाई, शिंक आली तरी जीव जातो तिचा.

थोडा येळ बसा तसंच. मी पाणी पितो.

गार हाय पाणी. कसं वाटतं बसून? आरामशीर हाय ना? मला वाटलंच, गादी चांगली हाय. — उठा म्हणलं का मी? पाय कावून खाली घ्यायलात? ती तर पाय काढूनबी उठू शकत न्हाई ज्या दिवशी कळ असती त्या दिवशी. ती बसंल. दाराकडं बगंल, बाहेर हनुमानचा आवाज येईल, टाळ्या येतील, आन ती बसंल. हां. आता काढतो कळ. उठा.

तर मंग हीच द्या. मोठ्या चाकाची, पोरीनं सांगितलेली, मापाची. बगा, कुणाचंच मन मोडलं न्हाई. पोरगी खूश, आई खूश, सायब म्हणंल नवऱ्यानं केवढी चांगली खुर्ची घेतली. घरात फिरू द्या तिला, अंगणातबी फिरू द्या, मी न्हाई म्हणणार न्हाई. तिच्या हाताजवळचे ते दोन ब्रेक हायत ते राहू द्या, तिचे तिला लावू द्या, काढू द्या. मागचं मात्र दाखवायचं न्हाई. तुमाला दाखवायचं ध्यानात राहिलं न्हाई, एवढंच. आन गादी अजून एक टाका, ती निळी, जाड. तिला दुखाया नको. पोरीचा फोन आला तर म्हणा, तुमी सांगितलेली तीच दिली. खरंच हाय ना ते? मी तुमाला खोटं बोला म्हणतच न्हाई.

चला, धरा मागून. सावकाश, पायरी हाय. गाडीपशी नेऊन उभी करा, मी हनुमानला काच खाली घ्यायला सांगतो. चाक तिच्या बाजूला करा, मुठी माझ्याकडं. म्हणा, वैनी, तुमाला पायजे होती तीच आली. बस, एवढंच. ती खिडकीतून हात काढून चाकाला लावंल, डोळे भरतील तिचे, मी वळखतो तिला, तुमाला हात जोडंल. तवा खाली बगायचं न्हाई, शेठ. असं तोंड न्हाई करायचं. हसायचं. — असं न्हाई. रोज गिऱ्हाइकाला हसता तसं.